कडी-कोयंड्याच्या बाई

बाई वेड्या होत्या, हे विधान मी आरंभीच खोडून टाकतो. मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर पानभर मजकूर छापला आहे. त्यात त्यांना ‘काहीशा विक्षिप्त, परंतु अत्यंत प्रेमळ मावशी’ असे म्हटले आहे. मला त्यातला ‘प्रेमळ’ हा शब्दही मान्य नाही आणि ‘मावशी’ तर नाहीच. त्या कोणाच्या मावशी नव्हत्या. नागपूरच्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवून निवृत्त झालेल्या, मुलीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला आलेल्या आणि करोनात विमाने बंद झाल्यामुळे येथेच अडकून पडलेल्या त्या बाई होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. मीही तसाच अडकलेला होतो. सातारच्या न्यायालयात उभे आयुष्य फौजदारी वकिली केलेला माणूस मुलाकडे चार दिवस राहायला येतो आणि दोन हिवाळे काढतो, अशी ती वर्षे होती. आमची घरे समोरासमोर होती. तेव्हा गणपतीच्या आरतीला लांबून एकदा त्यांना पाहिलेल्या लोकांच्या साक्षीपेक्षा माझी साक्ष अधिक ग्राह्य धरावी, अशी वाचकांना विनंती आहे.

छत्रीपासून सुरुवात करतो, कारण वेडेपणाचा पहिला पुरावा म्हणून सगळे छत्रीकडेच बोट दाखवतात. व्यायामासाठी जो एक तास बाहेर पडायची मुभा होती, त्या तासात बाई जावयाची गोल्फची अवाढव्य छत्री उघडून गल्लीतून फिरत. ऊन असो, ढग असोत, वारा असो. मंडळाच्या चिटणिसांचे म्हणणे असे, की माणसांनी दीड मीटर लांब राहावे म्हणून छत्री. शेजारच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांची खात्री होती, की वसंत ऋतूत इथले मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, त्यासाठी छत्री. मी एकदा सरळ विचारले. बाई थांबल्या, छत्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“वकीलसाहेब, छत्री कशासाठी असते?”

“ऊन-पावसासाठी.”

“मग? सत्तर वर्षांचे झाले न तुम्ही!”

हे त्यांचे प्रेमळपण.

भेटेल त्याला त्या ‘जय भीम’ म्हणत. मला म्हणत, गुजराती डॉक्टरला म्हणत, टपाल टाकणाऱ्या उंच गोऱ्या पोराला म्हणत. तो ‘नो वरीज’ म्हणून हात हलवी. बाईंना ते उत्तर पसंत होते. “पोट्टं न समजता बरोबर बोलून राहिलं,” असे त्या म्हणत.

बाईंचा विषय कॅरिबियन बेटांवरच्या लेखिका. हे ऐकून मी पहिल्या भेटीत, सभ्यपणे, वेस्ट इंडीजच्या जुन्या गोलंदाजांबद्दल दोन शब्द बोललो होतो. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्हा पुरुषांना त्या बेटांवर फक्त बॉल टाकणारे दिसतात. बॉल टाकणाऱ्याची माय दिसत नाही. तिला कोणी मारलं, तिनं काय केलं, हे विचारलं का कधी?” मी विचारले नव्हते, आणि तसे मी कबूलही केले नाही. विषयाची निवड कशी झाली, हे त्यांनी पुढे कुंपणापलीकडून एकदा सांगितले. कॉलेजात असताना तसल्या कथांचे एक फाटके पुस्तक हाती आले. उसाचे मळे, मळ्यावरचा मुकादम, पिऊन आलेला नवरा, नळावरच्या बायका. “वाचता वाचता मी आमच्या वस्तीतल्या बायांची नावं समासात लिहीत गेली. सगळ्या जुळल्या. मंधात फक्त समुद्र होता.”

टाळेबंदी कडक झाली तेव्हा मंडळाने ज्येष्ठांसाठी आणि घरात कोंडलेल्या गृहिणींसाठी दुपारी चारला फोनवरून कथाश्रवण सुरू केले. एका वेळी दहाबारा जण जोडले जात. मंडळाच्या मनात बहुधा संतचरित्रे असावीत. पहिल्याच दिवशी बाईंनी बेटावरच्या एका मासळीवालीची गोष्ट लावली. तिची टोपली पोलीस लाथेने उडवतो, आणि ती एकेक मासा उचलून भर रस्त्यात मांडते, गाड्या थांबतात, गव्हर्नरची मोटार थांबते, तरी ती मांडतच राहते. व्हिडिओला बाईंचा ठाम नकार होता. “चेहरा दिसला का बाया नीटनेटक्या होऊन बसतात. ऐकत नाहीत.” आणि गोष्ट त्या घरात बसून सांगत नसत. कानात वायर, डोक्यावर छत्री, गल्लीतून चालता चालता सांगत. त्यामुळे आमच्या सगळ्या गोष्टींत वारा असे, मॅगपायची शीळ असे, चढ आला की धाप असे. “बसल्या जागी सांगितलेली गोष्ट बसूनच राहते,” हे त्यांचे वचन. स्मरणिकेत ते चिटणिसांच्या सौभाग्यवतींच्या नावावर छापले आहे. दुरुस्ती व्हावी.

आता त्या गाजलेल्या प्रथेबद्दल. त्या बेटांवर म्हणे गोष्ट सांगणारा मध्येच एक आरोळी ठोकतो आणि ऐकणाऱ्यांनी ठरलेला शब्द उलट द्यायचा असतो. उलट शब्द आला नाही, तर गोष्ट तिथेच थांबते; झोपलेल्यांना कोण सांगणार? बाईंनी त्याचे मराठी केले होते. त्या विचारत, “कडी?” आणि सगळ्यांनी म्हणायचे, “कोयंडा!” बायका खुशीत ओरडत. मी ओरडत नसे. ज्याने जन्मभर साक्षीदारांना बोलते केले, त्याने कोणाच्या हाकेला ओ देण्याचे कारण नाही, अशी माझी भूमिका होती आणि ती मी दोनदा स्पष्टही केली होती. बाईंनी फोनवर सगळ्यांदेखत निकाल दिला: “वकीलसाहेबांच्या दाराला कोयंडाच नाही. चोरांची सोय आहे.” बायका बराच वेळ हसत होत्या.

त्या हसणाऱ्यांतच स्वप्नाली होती. हे नाव खरे नाही. तिच्या परवानगीने लिहितो आहे आणि पुढे तिच्या घरातले जे सांगेन, ते तिने मला नंतर स्वतः सांगितलेले आहे, ऐकीव नव्हे. पुण्याची, लग्न होऊन वर्ष झालेली. नवरा संगणक अभियंता, आमच्या मागच्या गल्लीत राहणारा. मंडळात त्याची प्रतिष्ठा मोठी. गणपतीत ध्वनिक्षेपकाची व्यवस्था तो पाही, टाळेबंदीत म्हाताऱ्यांना सामान पोचवी. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यानेच दोनदा दाराशी आणून ठेवल्या. हे मी लपवत नाही. साक्षीत ते आलेच पाहिजे. तो मारत असेल असे त्याच्याकडे पाहून कोणी म्हटले नसते, आणि म्हणूनच पुढे कोणाचा विश्वास बसेना. तिला फोनवर कोणाशी बोलायची मुभा नव्हती. कथाश्रवणाची तेवढी होती, कारण त्यात मंडळाचे वडीलधारे होते. अट अशी, की फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर, स्पीकर मोठा आणि जिन्याचे दार उघडे. म्हणजे वरच्या खोलीत काम करताना त्याला सगळे ऐकू यावे.

एके दिवशी बाईंनी मळ्यावरच्या एका मजूर बाईची गोष्ट सुरू केली. आपल्याकडून करारावर नेलेल्या त्या माणसांना मळ्याबाहेर पडायला साहेबाची चिठ्ठी लागे. नवरा त्या बाईला मारतो. शेजारणी ऐकतात आणि चूल फुंकत राहतात. बाईंच्या सवयीप्रमाणे गोष्ट ऐन ठिकाणी थांबली. “सांगा, आता तिनं काय करावं?” ‘सहन करावं’ हे उत्तर बाद होते, ते सर्वांना ठाऊक होते. कोणी म्हणाले, माहेरी जावे. कोणी म्हणाले, लाटणे काढावे. हशा झाला. तेवढ्यात स्वप्नालीचा आवाज आला.

“बाई, तिचा पासपोर्ट तिच्याकडे होता का?”

हशा वाढला. चिटणिसांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अगं वेडे, उसाच्या मळ्यात कसला पासपोर्ट!”

बाई हसल्या नाहीत. फोनवर नुसती त्यांची धाप ऐकू येत होती. मीही हसलो नाही. साक्षीदार जेव्हा न विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देतो, तेव्हा वकिलाने कान टवकारायचे असतात.

“होता,” बाई म्हणाल्या. “मंजे तिची चिठ्ठी होती. नवऱ्याच्या पेटीत, कुलपात.”

“मग तिनं बाहेर पाऊल टाकलं तर तिलाच पकडतील ना?”

“असं कोण म्हणालं तिला?”

 स्वप्नाली म्हणाली, “नवरा म्हणाला असेल.”

“कडी?” बाईंनी एकदम विचारले. “कोयंडा!” बायका ओरडल्या. स्वप्नालीचा कोयंडा इतरांच्या मागून, एकटा आला.

दुसऱ्या दिवशी गोष्ट पुढे गेली. बाईंनी विचारले, तिने शिपायाला बोलवावे का? स्वप्नाली म्हणाली, “नको. एकदा आला होता शिपाई. नवराच पुढे होऊन बोलला, गोड बोलला. ती आतच राहिली. नंतर... नंतर तिला जास्त झालं.” वरच्या खोलीतला माणूस हे सगळे ऐकत होता आणि त्याच्या दृष्टीने ती एका काल्पनिक मजुरणीची गोष्ट होती. उघड्या न्यायालयात, आरोपीच्या कानांदेखत साक्ष नोंदवली जात होती आणि त्याला पत्ता नव्हता. उलटतपासणीची अशी कला मी माझ्या पेशात कोणाकडे पाहिली नाही. मी हे सहज लिहीत नाही; माझ्या पेशातल्या लोकांबद्दल माझे मत चांगले आहे.

त्याच सायंकाळी बाई छत्रीसकट आमच्या कुंपणाशी उभ्या राहिल्या.

“वकीलसाहेब, या देशाचा कायदा काय म्हणते?”

“बाई, माझी सनद इथे चालत नाही.”

“डोळे चालतात न? मग वाचा. पोरगी समजते का दाराबाहेर गेली तर दंड होते, दंड झाला का व्हिसा जाते. त्यानं भरवलं तिच्या डोक्यात. खरं हाय का?”

मला खरेच माहीत नव्हते आणि ‘माहीत नाही’ म्हणायची मला सवय नाही. मी म्हणालो, “उद्या सांगतो.” सरकारचे सगळे आदेश मी मुलाच्या संगणकावर वाचून काढले. इंग्रजी रटाळ होते, पण कायदा कायदाच असतो. तो कुठे श्वास घेतो ते शोधायचे असते. आणि ते सापडले. घरातल्या मारापासून जीव वाचवायला बाहेर पडणाऱ्या माणसाला संचारबंदी नाही, पाच किलोमीटरची हद्द नाही, कसलाही दंड नाही. हे आमच्या मंडळात कोणालाही ठाऊक नव्हते. सगळे सुशिक्षित, सगळे दिवसभर आकडे आणि नियम एकमेकांना पाठवणारे. मी बाईंना सांगितले, “बाहेर पडण्याचा तिला काहीही दंड होणार नाही, हे मी सही करून देतो. व्हिसाचे मी सांगू शकत नाही, त्याला इथला वकील लागेल.”

“तो मी पाहिला,” बाई म्हणाल्या. अडचणीतल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेशी त्या आधीच बोलल्या होत्या. राहायची जागा होती, फुकट सल्ला देणारी वकीलबाई होती, पासपोर्ट मागे राहिला तरी नवा काढता येत होता. “फक्त तिनं यायला पाहिजे. तिनं. मी ओढून आणणार नाही.”

येथे मंडळाच्या दाव्याचा समाचार घेतो. स्मरणिकेत लिहिले आहे की ‘मंडळ संकटग्रस्त भगिनीच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले’. वस्तुस्थिती अशी. बाईंच्या गोष्टींनी ‘घराघरांत अस्वस्थता पसरते’ अशी तक्रार आल्यावरून चिटणिसांनी मला फोन केला.

“काका, तुम्ही वडीलधारे. बाईंना जरा समजवा. लॉकडाऊनमध्ये लोकांचे संसार जोडायचं बघायला हवं आपण. आणि त्या... म्हणजे त्यांचं बॅकग्राउंड वेगळं आहे ना, त्यांना प्रत्येक गोष्टीत अन्यायच दिसतो.”

“बॅकग्राउंड म्हणजे काय?” मी विचारले.

“म्हणजे... तुम्हाला कळलं ना, काका.”

“मला कळले नाही. तुम्ही शब्द उच्चारा, मग मी उत्तर देतो.”

त्यांनी उच्चारला नाही. कथाश्रवण ‘या आठवड्यानंतर तूर्त स्थगित’ करण्याचा निरोप मात्र सर्वांना गेला. खंबीरपणा तो एवढा. त्यामुळे जे करायचे ते त्याच आठवड्यात करणे भाग होते. चार वाजताची ती खिडकी एकदा बंद झाली, की त्या घरात आत काय चालते, हे बाहेर कोणालाही ऐकू येणार नव्हते.

बाईंनी निरोप गोष्टीतूनच दिला. बेटावर साथ आली, गव्हर्नराने संचारबंदी लावली, दवंडी पिटली: ‘घरात राहा हो!’ आणि शेवटी, दवंडीवाल्याने हळू आवाजात पुकारले, ‘पण जी मारापासून पळते, तिला कोणी अडवणार नाही हो. चिठ्ठी नसली तरी चालेल हो. चिठ्ठी पुन्हा निघते.’ बाईंनी ही दवंडी तीनदा म्हटली. मग विचारले, “ऐकू गेली का तिला?”

फोनवर भांडे ठेवल्याचा आवाज झाला. “गेली,” स्वप्नाली म्हणाली. आणि मग, अगदी साध्या आवाजात, “बाई, ती उद्या निघेल का?”

“तिची मर्जी. ती तयार असली तर शेजारीण दारावरून जाईन.”

“ती तयार आहे.”

चिटणिसांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अय्या, ही तर पुढची गोष्ट आधीच सांगायला लागली!”

आमची सून मेघना नर्स आहे. तिच्याकडे कामावर जाण्यायेण्याचा परवाना होता. सकाळची पाळी सुटल्यावर तळ्याकाठच्या वळणावर गाडी उभी करायची, हे तिच्यावर सोपवले. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त लाइनवर राहा आणि प्लीज कोणाशी भांडू नका.” मी तसे वचन दिले नाही.

त्या दुपारी वारा भयंकर होता. मी खोलीचे दार लावून फोन कानाला धरून बसलो.  बाईंनी सुरुवात केली. कडी. कोयंडा, त्यात स्वप्नालीचाही आवाज होता. गोष्ट मळ्यातून निघाली, बाईंची धाप लागली, मॅगपाय ओरडला. त्या आमची गल्ली ओलांडून मागच्या गल्लीत वळल्या, हे मला वाऱ्याच्या बदललेल्या आवाजावरून कळले. वरच्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती. खिडकीतल्या माणसाने खाली पाहिले असते, तर त्याला काय दिसले असते? गेले कित्येक दिवस रोज दिसे तेच: एक भली मोठी छत्री, तिच्याखालचे माणूस वरून न दिसणारे, संथ चाललेली. काही लोक आता सांगतात की बाईंनी ती छत्री पहिल्या दिवसापासून याच हेतूने धरली होती. साफ खोटे. हे चमत्कार नंतर रचलेले आहेत. छत्री त्यांनी धरली, कारण त्यांना छत्री आवडे. जन्मभर लोकांना न विचारता हवे ते करणाऱ्या बाईचा हट्ट त्या दिवशी उपयोगी पडला, एवढेच.

“...आणि तिनं चूल बंद केली,” बाई सांगत होत्या. “चपला हातात घेतल्या. मागं पाहिलं नाही. मागं पाहायला ठेवलंच काय होतं? दार लोटलं. आवाज नको म्हणून कडी धरून लोटलं. बाहेर शेजारीण उभी होती. शेजारीण काही बोलली नाही, चालत राहिली. दोघी चालत राहिल्या.”

मला आता गोष्टीत दोघींच्या पावलांचे आवाज येत होते. ओट्यावरचा तो फोन अजून जोडलेला होता; त्यातून पंख्याची घरघर येत होती. बाई सांगतच होत्या. ऊस कसा वाऱ्याने वाकत होता, मुकादमाचे कुत्रे कसे ओळखीचे निघाले. बायका मध्ये मध्ये ‘अगं बाई’ म्हणत होत्या. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

मग त्या पंख्याच्या आवाजावर, लांबून, जिन्याच्या वरून पुरुषी हाक आली.

“स्वप्ना, चहा?”

सगळ्यांनी ऐकली.  बाईंची गोष्ट शब्दभरही अडखळली नाही. हाक पुन्हा आली. मग जिन्यावर पावले. खाली येणारी, घाई नसलेली. नंतर घाईची. एक दार उघडले. दुसरे. मग तो आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

“हॅलो? कोण आहे लाइनवर? स्वप्नाली कुठे आहे?”

तो आवाज मी ओळखत होतो. ‘काका, गोळ्या दाराशी ठेवल्यात हं,’ म्हणणारा आवाज. तोच, आणि तो नव्हे.

“कुठे आहे ती? बाई, तुम्ही बोलताय ना? मी विचारतोय, कुठे आहे माझी बायको?”

आता येथे नीट ऐका, कारण सगळे वाद या क्षणाबद्दल आहेत. काहींच्या मते बाई घाबरून गप्प झाल्या. काहींच्या मते त्यांनी त्याला खणखणीत सुनावले आणि शेवटचा शब्द त्यांचा झाला. माझा मुलगा मित्रमंडळीत सांगतो, की बाबांनी फोनवर त्याला कलमे ऐकवली आणि शेवटचा शब्द बाबांचा झाला. तिन्ही कथने चूक आहेत आणि तिसरे माझ्या बाजूचे असूनही मी ते नाकारतो.

घडले ते असे. बाईंनी त्याला उत्तर दिले नाही. गाडीचे दार उघडल्याचा आवाज आला. वारा एकदम बंद झाला. मग बाईंनी, धाप लागलेल्या आवाजात, नेहमीसारखे विचारले,

“कडी?”

कोणीही उत्तर दिले नाही. बायकांना आता समजले होते. ज्या स्त्रिया रोज घसा फोडून ओरडत, त्यांचा श्वासही ऐकू येईना. प्रत्येकीचा नवरा त्याला ओळखत होता. प्रत्येकीला उद्या मंडळात तोंड दाखवायचे होते. आणि उत्तर आले नाही तर गोष्ट थांबते, हा नियम होता. फोनवर फक्त तो मोठ्याने श्वास घेत होता.

“कडी?” बाईंनी पुन्हा विचारले. त्यांचा आवाज प्रथमच म्हातारा वाटला.

“कोयंडा!” मी म्हणालो.

म्हणालो नव्हे. सातारच्या न्यायालयात मागच्या बाकापर्यंत पोचवायचो, त्या आवाजात. आमच्या खिडकीची काच वाजली असे मुलगा सांगतो. तेवढे मात्र मी नाकारत नाही.  मग एक बारीक ‘कोयंडा’ आला. चिटणिसांच्या सौभाग्यवतींचा, आणि हे त्यांच्या बाजूने नोंदवणे माझे कर्तव्य आहे. मग आणखी एक. मग इतर, वेड्यावाकड्या, एकमेकींवर आदळत.

तो ओरडत होता, पण त्या गलक्यात त्याचे शब्द लागत नव्हते. गलका ओसरला. मेघनाची गाडी चालू झाल्याची घरघर आली. आणि मग बाईंच्या फोनवरून, ओट्यावरच्या फोनवरून नव्हे, सगळ्यांच्या मागून, एकटा, पण या वेळी जराही न कापणारा तो आवाज आला. तो त्यानेही ऐकला.

“कोयंडा,” स्वप्नाली म्हणाली.

शेवटचा शब्द तिचा होता.